फणसाला लागलेली वाळवी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरातल्या चौकटी ठोकल्या. रविवार होता. चहा झाला, कप विसळले आणि ही म्हणाली, "चला, टॉर्च घ्या." मी घेतला. दर रविवारी घ्यायचो.

पहिलं मुख्य दार, मग खोलीचं, मग स्वयंपाकघरातलं कपाट आणि शेवटी न्हाणीघर, कारण तिथं ओल. तिच्या हातात माझा जुना स्क्रूड्रायव्हर. त्याच्या लाकडी मुठीनं ती चौकटीला तीन जागी ठोकायची, घोट्याशी, गुडघ्याशी आणि खांद्याशी, आणि दर खेपेला कान लावायची. मी भिंत आणि लादी जिथं मिळतात तिथं उजेड धरायचा.

"खाली धरा. खाली. माझं तोंड काय बघताय?"

"तुझं तोंड बघायचं वय गेलं."

"मग टॉर्च नीट धरा."

ती दोनच शब्द बोलायची, भरीव नाहीतर पोकळ. त्या दिवशी सगळीकडे भरीव निघालं. न्हाणीघराची चौकट झाली तशी ती स्टुलावर टेकली. म्हणाली, "पुढच्या रविवारी खालचं तुम्ही ठोका. माझा गुडघा आता वाकत नाही." मी हो म्हणालो.

दुपारी गवार निवडायला बसली आणि ताटावर वाकली, ती सरळ झालीच नाही. डॉक्टर आला तेव्हा गवार अर्धीच निवडून झालेली.

बायको गेली की लोक म्हणतात, साधी होती, सोशिक होती. आमची ही साधी नव्हती, आणि सोशिक तर अजिबात नव्हती. वाळवीच्या बाबतीत ती वेडी होती. आमच्या मानपाड्याच्या बिल्डिंगमध्ये कुणालाही विचारा. पण ते वेड तिला मी लावलं. चाळीस वर्षं मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि मी सांगितली नाही. ती गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं माझी जीभ अडखळेल.

मी चौथी शिकलेला सुतार. लग्न झालं तेव्हा आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो. भाड्याची खोली, मातीची जमीन, शेणानं सारवलेली. हिचे वडील लांज्याच्या पुढच्या एका गावात सुतारकाम करायचे. गावातल्या प्रत्येक मुलीला लग्नात ते स्वतः पेटी करून द्यायचे, फणसाच्या लाकडाची. स्वतःच्या मुलीला दिलेली तर बघत राहावी अशी. एक खिळा नाही, सगळी खाचांवर बसवलेली. लाकूड बारा वर्षं माळ्यावर सुकवलेलं. देताना म्हणालेले, "हिला पाणी लागेल, धूळ लागेल. वाळवी नाही लागायची."

ही पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. तेव्हा ठाण्यात तलावाच्या मागं एका ख्रिश्चन कुटुंबाच्या घराचं मुख्य दार मी करत होतो. जुनं दार फणसाचं होतं, घरच्या म्हाताऱ्याला नवं पण फणसाचंच हवं होतं. मुलीचं लग्न तीन दिवसांवर आलेलं. आणि माझ्या हातून माप चुकलं. खालच्या दोन चौकोनात बसायच्या फळ्या मी आखूड कापल्या. वखारीत फणस होता, पण ओला. ओल्या लाकडाचं दार पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात वाकतं. ठेकेदाराला सांगितलं असतं तर त्यानं मला त्याच दिवशी हाकललं असतं. आणि वर चार ठेकेदारांना सांगितलं असतं.

घरी आलो. पेटीतले कपडे काढून चादरीत बांधले आणि पेटी सोडवायला बसलो. इतकी घट्ट होती की दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी फळ्या रंधून दारात बसवल्या. त्या म्हाताऱ्यानं दारावरून हात फिरवला आणि ठेकेदाराला म्हणाला, ह्या माणसाला सोडू नको. तिथून मी मिस्त्री झालो. माझं सगळं नाव त्या दारापासून आहे.

तिसऱ्या महिन्यात सासरे हिला आणि तान्ह्या पोरीला पोचवायला आले. हिनं पोरीला चटईवर ठेवलं, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "पेटी कुठाय?"

मी बरीच उत्तरं तयार ठेवलेली. तोंडातून आलं ते वेगळंच. "वाळवी लागली. कपडे वाचले. पेटी जाळून टाकली."

सासरे म्हणाले, "फणसाला?"

"हो."

ते उकिडवे बसले. पेटी ठेवायचो तिथली जमीन बघितली, मागची भिंत बघितली. वाळवी उघड्यावरून चालत नाही, मातीची नळी बांधत येते, भिंतीवर तिची रेघ दिसते. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. म्हणाले, "खूण कुठं दिसत नाही."

"सारवून घेतलं."

 मग उठले आणि माझ्यापुढं हात जोडले. "माझ्याच हातून कच्चं लाकूड गेलं असणार. माफ करा, जावईबापू."

मुलीचा बाप, माझ्या दुप्पट वयाचा. मी "राहू द्या हो" म्हणालो. एवढंच. पुढच्या खेपेला ते एसटीच्या टपावर टाकून पत्र्याची ट्रंक घेऊन आले.

ही बापाला काही बोलली नाही, मलाही नाही. तिनं एक वाक्य मात्र त्या दिवसापासून धरलं. "फणसाला लागली, मग ती कशाला सोडेल?" जन्मभर हेच म्हणायची. शेजारणीला, वाण्याला, पोरीच्या बाईंना शाळेत. आणि ती म्हणाली की मी खाली बघायचो.

मी सुतार, पण माझ्या घरात लोखंडी कॉट. आलेल्या माणसाला हसू यायचं. कपाट होतं लाकडाचं, पण भिंतीपासून चार बोटं लांब आणि खाली कडाप्प्याचे तुकडे. पुठ्ठ्याचा खोका घरात आला की संध्याकाळच्या आत बाहेर. पेपरची रद्दी आठ दिवसांच्या वर ठेवायची नाही. भिंतीवरचं कॅलेंडर दर रविवारी उचलून मागं बघायचं. देवाच्या तसबिरीसुद्धा. मी एकदा म्हटलं, देवाच्या मागं तरी कशाला बघतेस. तर म्हणाली, "देवाला काय, तो बघतोय पुढं. मागं कोण बघणार?"

सुरुवातीला तिला काही येत नव्हतं. रॉकेल ओतायची, मीठ टाकायची, कडुनिंबाचा पाला पसरायची. मग विचारत गेली. बाई शाळेत सातवीपर्यंत गेलेली, पण विचारायला लाजली नाही. औषध मारणाऱ्याला विचारायची, बागेच्या माळ्याला विचारायची, पाया खणणाऱ्या गवंड्याला विचारायची. दहा वर्षांत तिला एवढं कळलं की आमच्या धंद्यातले लोक माझ्याकडं यायचे ते तिच्याशी बोलायला.

मानपाड्याला बिल्डिंग उठत होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तळमजल्याची खोली घेतलेली, वरची परवडत नव्हती. पाया भरायच्या आधी मातीत वाळवीचं औषध मारतात. बिल्डरचा माणूस म्हणाला, मारलंय. ही वाकली, मूठभर माती उचलली आणि नाकाला लावली.

"वास कुठाय?"

"उडून जातो, काकी."

"काल मारलंस आणि आज उडाला? मग माझ्या घरी काय उरणार?"

तो म्हणाला, साहेबांना विचारा. ही मातीच्या ढिगावर बसली. डबा बरोबर आणलेला, तिथंच जेवली. मला म्हणाली, "तुम्ही कामाला जा, मी येते ह्यांचं झालं की." चार वाजता टाकी आली. कडेकडेनं, खांबाखांबाशी, तिच्या डोळ्यांदेखत औषध मारलं. आजही आमच्या बिल्डिंगला खालून त्रास नाही, आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांत तळमजल्याच्या चौकटी दोनदा बदलून झाल्या.

त्या शेजारच्यांकडं औषधवाला आला की लोक हिला बोलवून न्यायचे. तो भिंतीच्या कडेनं लादीला भोकं पाडणार, आत औषध सोडणार आणि वर पांढरं सिमेंट भरणार. ही माझी घडीची पट्टी घेऊन मागं.

"हे अंतर दीड फूट आहे. एक पाहिजे."

"काकी, पाच वर्षांची गॅरंटी आहे."

"पाच वर्षांनी तुझी कंपनी असेल?"

"असेल की."

"आणि वाळवी?"

तो हसला. "ती पण असेल."

"मग भोक नीट पाड."

मातीची रेघ दिसली की बायका फडक्यानं पुसून टाकतात. हिला त्याचा भारी राग. "पुसू नका गं. पुसलीत की ती दुसरीकडून येते आणि मग कळत नाही कुठून. रेघेच्या उलट जा. कुठं पाणी गळतंय ते शोधा. तिचं पोट लाकडावर असेल, जीव पाण्यावर आहे." आणि खरंच दर वेळी शेवटी एखादा गळका नळ नाहीतर फुटका पाईप सापडायचाच. आधी नळ दुरुस्त करा, मग औषध, असा तिचा हट्ट. आमचा प्लंबर म्हणायचा, माझं अर्धं घर काकींच्या वाळवीवर चालतं.

तिचं हे वेड कधी कधी अंगाशी यायचं. पोरीसाठी ठाण्यात खोपटला स्थळ बघायला गेलो. मुलगा बँकेत, आई-वडील चांगले, खोली स्वच्छ. पोहे आले. मी मुलाला काम विचारतोय, आणि ही पाणी प्यायला म्हणून आत गेली ती तिकडंच. आतून ठक, ठक, ठक. मला कळलं. मुलाचे वडील म्हणाले, "काय पडलं का?" मी म्हणालो, "नाही, काही नाही." ठक, ठक.

मुलाची आई उठून आत गेली. ह्या बाई बोलायला कडक. "विहीणबाई, मुलगा बघायला आलात का आमची चौकट?"

"मुलगा माझ्या मुलीनं बघितला. चौकट मी बघते. पोकळ आहे."

"आमच्या घरात वाळवी नाही."

"आहे. मोरीच्या बाजूनं वर चढलीय. फणसाला लागली बाई माझ्या, हे तर साधं लाकूड."

आम्ही परत निघालो. रिक्षात पोर रडली. मी हिला नको नको ते बोललो. वेडी म्हणालो, पोरीचं वाटोळं केलंस म्हणालो. ती बाहेर रस्त्याकडं बघत बसली. "पोर तिथं राहणार ना? मग सांगायला नको?" एवढंच बोलली.

आठव्या दिवशी त्या विहीणबाईंचा फोन आला. मोरीच्या बाजूची चौकट त्यांनी हातानं दाबली आणि बोट आत गेलेलं. ही पदर खोचून गेली, चार दिवस खोपटला जाऊन येऊन सगळं करून घेतलं. पाईप बदलला, चौकट बदलली, औषध मारलं. आणि लग्न ठरलं. आमचे व्याही अजून म्हणतात, आमच्यात पत्रिका जुळली नाही, वाळवी जुळली.

मी त्या लग्नात खूप हसलो, पण मला एक टोचत होतं. ती रिक्षात बसून शिव्या खात होती तेव्हा तिचं वेड माझ्यामुळं होतं, आणि मी तिलाच वेडी म्हणालो.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. पोर पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा. नंतर सासऱ्यांना बरं नाही असं कळलं तेव्हा. आम्ही गावी गेलो. सासरे अंथरुणावर होते. हिचा धाकटा भाऊ, तोही सुतार, मला अंगणात घेऊन गेला आणि सहज म्हणून सांगितलं, "बाबांनी पेट्या करायच्या सोडल्या, माहितीय ना तुम्हाला? त्या वर्षीपासून. कुणी मागायला आलं की सांगायचे, बाजारातून पत्र्याची आणा, माझ्या लाकडाचा भरवसा नाही."

मला माहीत नव्हतं. मी त्या माणसाच्या उशाशी दोन दिवस बसलो. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्यांना सांगायला मला पुरेसा वेळ होता. मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते मी अजून स्वतःला विचारतो. भ्यालो, दुसरं काही नाही. हिच्या डोळ्यांत मी कष्टाळू होतो, बरा माणूस होतो. तेवढं मला सोडायचं नव्हतं.

आता त्या दाराचं सांगतो. पोर खोपटला गेल्यावर आम्ही ठाण्याला जाऊ लागलो. तलावामागच्या त्या गल्लीतून रस्ता जवळचा पडतो. मी तिथून कधी जायचो नाही. रिक्षावाल्याला लांबचा रस्ता सांगायचो, ही म्हणायची, तुम्हाला फिरवून घ्यायची हौस आहे. गेल्या वर्षी पुढचा रस्ता खणलेला होता. रिक्षावाला न विचारता त्या गल्लीत शिरला आणि गल्ली अडली म्हणून तिथंच उभा राहिला. बरोबर त्या घरासमोर.

हिनं दार बघितलं. "थांबा जरा," म्हणाली आणि उतरली.

मी म्हणालो, "अगं, उशीर होतोय."

"कुठं उशीर? पोर काय पळून जातेय?"

ओट्यावर एक म्हातारी बसलेली, गळ्यात क्रॉस. तो म्हातारा केव्हाचाच गेला असणार, ही त्याची बायको. मला तिनं ओळखलं नाही, आणि ते बरंच झालं. हिनं विचारलं, "दार फणसाचं ना?"

"हो बाय. माझे पोरीचे लग्नाला बसवलेला. आता माझे नातीची पोरं खेळतात इथं."

"ठोकून बघू का?"

म्हातारीला गंमत वाटली. "बघ की. दार काय माझा एकटीचा हाय?"

हिनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. पिशवीत तो असायचाच. खाली वाकली. तेव्हा तिचा गुडघा वाकत होता. खालच्या उजव्या चौकोनावर, तिच्या बापानं बारा वर्षं सुकवलेल्या फळीवर तिनं तीनदा ठोकलं आणि कान लावला. मी रिक्षाच्या दांड्याला धरून उभा होतो. मला वाटलं, आता तिला कळणार. लाकूड बोलणार. पण लाकूड काय बोलणार? मी रंधून, पॉलिश करून त्याची ओळख पुसलेली.

ती उठली. "भरीव आहे. एवढ्या वर्षांत काही नाही."

म्हातारी म्हणाली, "मिस्त्री चांगला होता."

परत रिक्षात बसलो. गल्ली मोकळी झाली. हिनं स्क्रूड्रायव्हर परत पिशवीत टाकला. मग म्हणाली, "ह्यांच्या फणसाला नाही लागली, बघा. म्हणजे फणसाला लागत नाहीच. बाबांचं लाकूडच कच्चं होतं. त्यांनी घाई केली असणार माझ्या लग्नाला."

एवढी वर्षं तिनं बापाला दोष दिला नव्हता. वाळवीला दिला, नशिबाला दिला, बापाला नाही. त्या दिवसापासून द्यायला लागली. मोठ्यानं नाही. पण कधी माहेरचा विषय निघाला की म्हणायची, "बाबा हातचे चांगले, पण मनाचे उतावळे." तिचे बाबा जगातले सगळ्यात सावकाश काम करणारे सुतार होते. आणि फणसाला लागली, मग कशाला सोडेल, हे वाक्य तिनं त्यानंतर परत म्हटलं नाही. ते वाक्य ऐकायचा मला कंटाळा होता, आणि आता ते येईना तर मला घर खायला उठलं.

मी ठरवलं की सांगायचं. दिवाळीला सांगू, संक्रांतीला सांगू, करत करत वर्ष गेलं. त्या शेवटच्या रविवारी मी ठरवूनच टॉर्च हातात घेतलेला. न्हाणीघराची चौकट झाली की सांगायचं. ती स्टुलावर बसली, गुडघ्याचं बोलली, मी हो म्हणालो, आणि मनात म्हटलं, दुपारी जेवण झाल्यावर सांगतो.

संध्याकाळी तिला नेलं. आम्हाला मुलगा नाही, अग्नी मीच दिला. पोर आणि जावई घरी राहिले. हिच्या भावाला फोन गेलेला, तो गाडीत बसलाय आणि सकाळी खोपटच्या एसटी डेपोत उतरेल असं कळलं.

पहाटे मी उठून अंघोळ केली आणि चपला घातल्या. जावई म्हणाला, "बाबा, मी आणतो मामांना. तुम्ही कशाला?" शेजारच्या वहिनी दारात आल्या. "भाऊ, अग्नी दिलेल्या माणसानं असं बाहेर पडू नये." मी म्हणालो, "वहिनी, आज पडू द्या." त्यांनी वाट सोडली.

खोपटच्या डेपोत तो उतरला तेव्हा सात वाजले असतील. माझ्यासारखाच म्हातारा झालाय. मला बघून त्याचा चेहरा उतरला. "भावोजी, तुम्ही कशाला आलात?" म्हणत गळ्यात पडायला लागला, तर मी त्याला धरून बाकावर बसवलं. म्हणालो, "आधी ऐक. घरी माणसं बसलीत, तिथं माझ्या तोंडून निघणार नाही." आणि सगळं सांगितलं. चुकलेलं माप, पेटी सोडवली ते, दार, सारवलेली जमीन, त्याच्या बापाचे जोडलेले हात. मधे थांबलो नाही. बाजूला गाड्यांची नावं पुकारत होते, त्यामुळं मोठ्यानं बोलावं लागलं.

तो मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत आणि सोडत बसला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. मग म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, अजून एक पावसाळा थांबायला हवं होतं. लाकूड पुरतं सुकलं नव्हतं म्हणून."

"सुकलेलं होतं. मी सुतार आहे, मला माहीत होतं."

"त्यांना नव्हतं ना माहीत." मग त्यानं विचारलं, "ताईला?"

मी मान आडवी हलवली.

"आणि पोरीला?"

"नाही."

"तिला आज सांगा. माझ्यासमोर. उद्यावर टाकायचं नाही." पिशवी उचलली आणि माझ्या पुढं चालायला लागला. 

घरी बायका बसलेल्या. पोर मामाच्या गळ्यात पडून रडली. ती शांत झाल्यावर मी तिला आत बोलावलं, स्वयंपाकघरात. तिचा मामा दाराशी उभा राहिला. मी उभ्या उभ्या सांगितलं. तिच्या जन्माच्या वेळची गोष्ट, म्हणून तिला सोपं जाईल असं वाटलेलं, पण तसं काही नसतं. ओट्याला टेकून तिनं सगळं ऐकलं. डोळे सुजलेले होते, ते माझ्यावरून हलवले नाहीत.

मग म्हणाली, "पण आईला कळलेलं असणार, बाबा. आई सगळं ओळखायची. चौकट नुसती ठोकून सांगायची. तिला माहीत होतं, ती मुद्दाम बोलली नसेल तुम्हाला. हो ना?"

तिला मी हो म्हणायला हवा होतो. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. एक हो, की पोर मोकळी झाली असती, आणि मी पण. तपासायला कुणी उरलं नव्हतं. मामा माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "नाही. तिला माहीत नव्हतं. ती तुझ्या आजोबांना दोष देत गेली."